आधी साल ठरवा, मग शटर दाबा

मागच्या अंकात या सदरात डार्करूममधल्या कृष्णधवल छपाईबद्दल लिहिलं होतं आणि सोबत वाफेच्या इंजिनाची एक प्रिंट छापली होती. त्या एका प्रिंटवरून इतके प्रश्न आले की हे सदर या वेळी मी पूर्णपणे इंजिनांनाच देते आहे. वाफेचं इंजिन हा माझा सर्वांत आवडता विषय. त्याचे फोटो जुन्या वळणाचे दिसावेत ही इच्छा मला अगदी रास्त वाटते. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ताई, मी इंजिनाचा फोटो काढला, त्यावर सेपिया (तपकिरी झाक देणारा) फिल्टर लावला, ग्रेन (फिल्मसारखे दाणे) टाकला, ओरखडे आणि सुरकुत्याही टाकल्या. तरी तो जुना वाटत नाही, मुद्दाम जुना केलेला वाटतो. नेमकं काय कमी पडतंय?

तुमचा फोटो मी बराच वेळ पाहिला. इंजिन देखणं आहे, सकाळचा तिरपा उजेड बॉयलरवर छान पडलाय. अडचण एवढीच, की त्या एका फोटोत तीन काळ एकत्र आलेत. तपकिरी रंग एकोणिसाव्या शतकाचा. ठळक ग्रेन छोट्या फिल्मचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याचा. आणि टेलिफोटो लेन्समुळे डबे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, ती नजर त्याहून अलीकडची. पाहणाऱ्याला यातलं काही नाव घेऊन सांगता येणार नाही, पण त्याच्या डोळ्याला खटकतं.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते, की कॅमेरा हातात घेण्याआधी साल ठरवा. ‘जुना’ असा कुठला एक काळ नसतो.

समजा, तुम्ही १८६० चं दशक ठरवलंत. काचेवर कोलोडियन या चिकट द्रावणाचा, उजेड टिपणारा थर द्यायचा, तो ओला असतानाच काच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असेपर्यंतच धुवायची, ही तेव्हाची रीत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ती १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. उजेडाप्रमाणे एक्सपोजर, म्हणजे काचेवर उजेड पडू द्यायचा वेळ, काही सेकंदांपर्यंत जायचं. त्यामुळे इंजिन उभं असतं, माणसं स्तब्ध उभी राहून कॅमेऱ्याकडे बघत असतात आणि वाफेचा नुसता पांढरट फराटा उमटतो. अमेरिकेच्या पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे रूळ जिथे जुळले त्या युटामधल्या प्रॉमंटरी समिट इथे १० मे १८६९ रोजी अँड्र्यू रसेल यांनी काढलेला फोटो डोळ्यांसमोर आणा. ‘ज्युपिटर’ आणि ‘११९ नंबर’ ही दोन इंजिनं समोरासमोर उभी आहेत, अंगाखांद्यावर माणसं चढलेली आहेत, दोन्हीकडून बाटल्या पुढे केलेल्या आहेत. गती कुठेच नाही, पण प्रसंग ओसंडून वाहतोय. असा फोटो आज करायचा तर ट्रायपॉड लावा, लेन्सपुढे गडद एनडी फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी काच) लावा, दोन ते चार सेकंदांचं एक्सपोजर द्या आणि फ्रेममधल्या माणसांना स्थिर उभं राहायची विनंती करा. ज्याला राहवलं नाही त्याचा चेहरा पुसट होईल. होऊ द्या. त्या पुसट चेहऱ्यात जेवढं जुनेपण असतं तेवढं कुठल्याही फिल्टरमध्ये नसतं.

तपकिरी रंग इथे शोभतो. त्या काळी प्रिंट अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या अल्ब्युमेन कागदावर होत. त्यांचा मूळ रंगच तांबूस-तपकिरी असायचा, आणि सोन्याच्या क्षाराचं टोनिंग केलं की जांभळट झाक यायची.

आता साल १९०२ धरा. जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचा, म्हणजे कोरड्या प्लेट, येऊन बराच काळ लोटलेला आहे, धावती गाडी पकडता येते. अमेरिकी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांचा ‘द हँड ऑफ मॅन’ हा त्याच वर्षीचा फोटो: यार्डात येणारं इंजिन, गडद धूर, समोरून येणाऱ्या उजेडात चमकणारे रूळ. कडा मऊ आहेत, बारकावे धुरात विरलेत. इंजिनाचा नंबर वाचता यावा असा तिथे आग्रहच नाही. तुम्हाला असा फोटो हवा असेल तर सूर्य इंजिनाच्या मागे ठेवा आणि सावल्या काळ्या पडू द्या.

आणि १९५० धरलंत तर सगळंच बदलतं. तेव्हाच्या चांगल्या छायाचित्रकाराच्या हातात चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा किंवा मीडियम फॉरमॅटचा (त्याहून लहान, पण ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा) कॅमेरा असायचा. इतक्या मोठ्या निगेटिव्हमध्ये ग्रेन जवळजवळ दिसत नाही, रिव्हेट मोजता येतात. प्रिंट जिलेटिन-सिल्व्हर कागदावर, रंग शुद्ध काळा-पांढरा. १९५० च्या वळणाच्या फोटोला तपकिरी रंग देणं मला पटत नाही. लेन्स साधारण दीडशे मिलिमीटरची असायची. आजच्या फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ती नजर ४५ मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणून तुमची लांब लेन्स बॅगेत ठेवा, ३५ ते ५० मिलिमीटरची लावा आणि जिथे उभं राहायची परवानगी आहे तिथूनच इंजिनाला फ्रेममध्ये येऊ द्या. फ्रेमही ४:५ अशी कापा.

ग्रेन खरोखर हवाच असेल तर ३५ मिमी फिल्मचा काळ निवडा. ट्राय-एक्स ही वेगवान फिल्म ३५ मिमीमध्ये १९५४ साली आली, तिच्यावर धुरकट शेडमधले, हातात कॅमेरा धरून काढलेले फोटो दाणेदार यायचे आणि ते देखणे दिसायचे.

राहिले ओरखडे आणि सुरकुत्या. ते काढून टाका. ज्यानं ती प्लेट काढली त्यानं ती स्वच्छ आणि अखंड काढली होती. नंतर कुणीतरी ती नीट जपली नाही, त्याच्या त्या खुणा आहेत. मूळ छायाचित्रकाराच्या कारागिरीचा मान ठेवायचा तर हानीची नक्कल करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

प्रश्न : रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल, पिवळा, निळा हे स्लायडर कुठे ठेवायचे? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

हेही सालावर ठरतं. सुरुवातीच्या प्लेटना निळ्या आणि अतिनील प्रकाशाखेरीज फारसं काही दिसत नसे. १८७३ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ हेर्मान फोगेल यांना आढळलं की विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर प्लेट हिरव्यालाही दाद देते. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आल्या. लाल मात्र त्यांना दिसत नव्हता. लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट रॅटन अँड वेनराइट या ब्रिटिश कंपनीनं १९०६ मध्ये बाजारात आणल्या. त्यानंतरही कित्येक वर्षं ऑर्थोच सर्रास वापरात होती.

याचा इंजिनाच्या फोटोवर होणारा परिणाम फार सुंदर आहे. पुढचा लाल बफर बीम (धक्के झेलणारे बफर जिच्यावर बसवतात ती आडवी तुळई) जवळजवळ काळा येतो. निळं आकाश कोरं पांढरं येतं, ढग दिसतच नाहीत. उन्हात रापलेल्या ड्रायव्हरचा चेहरा अधिक सावळा, सुरकुत्यांनी भरलेला येतो. त्यामुळे १९२० च्या आधीचा काळ हवा असेल तर लाल आणि नारिंगी स्लायडर बरेच खाली न्या, निळा वर न्या. नाट्यमय काळं आकाश आणि त्यावर पांढरे ढग हे लाल फिल्टर आणि पॅनक्रोमॅटिक फिल्मचं काम. इंजिन १८८० चं, प्रिंट तपकिरी आणि आकाश काळंभोर, अशी जुळणी करू नका.

एक सावधगिरी. निळ्या रंगाचं इंजिन असेल तर ऑर्थोची ही रीत त्याला फिकं करून टाकते. दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेची बी वर्गाची इंजिनं बहुधा निळ्या रंगात दिसतात. ३ जुलै १९३८ रोजी वाफेच्या इंजिनांमध्ये ताशी १२६ मैलांचा विक्रम करणारं आणि आता इंग्लंडमधल्या यॉर्कच्या संग्रहालयात असलेलं ‘मॅलार्ड’ हे इंजिनही निळंच. अशा इंजिनाला निळा स्लायडर वर नेलात तर ते राखेच्या रंगाचं होतं, वजन हरवून बसतं. तिथे पॅनक्रोमॅटिकसारखा समतोल ठेवा.

प्रश्न : इंजिन काळं कुळकुळीत येतं, नाहीतर वाफ पांढरीफेक होऊन जाते. आणि दुपारी काढलेल्या फोटोंत तर वाफ दिसतच नाही.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. वाफ म्हणून आपण जे पांढरं बघतो ते पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. खरी वाफ अदृश्य असते. बॉयलरमधला जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो तेव्हा नीट बघा, तोंडापाशी थोडी जागा मोकळी दिसते आणि पांढरा झोत त्यानंतर सुरू होतो. हवा गरम आणि कोरडी असली की हे थेंब झटकन विरतात. थंड, दमट हवेत ते बराच वेळ टिकतात आणि गाडीवर लांबलचक पांढरा पट्टा तरंगत राहतो. म्हणून थंडीतली पहाट गाठा, शक्यतो सूर्य वर येण्याआधी.

दिवसातही एक क्षण हमखास मिळतो, तो म्हणजे गाडी सुटताना. उभ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफ गार होऊन पाणी साठलेलं असतं. ते बाहेर काढायला ड्रायव्हर सिलिंडरच्या तळाशी असलेले कॉक उघडे ठेवून इंजिन हलवतो. पुढच्या बाजूनं, चाकांच्या उंचीवर, दोन्हीकडे वाफेचे लोट फुटतात. त्या वेळी खाली बसून कॅमेरा इंजिनाच्या पुढच्या कोपऱ्याकडे रोखलेला ठेवा.

काळ्या धुराचा हट्ट धरू नका. काळा धूर म्हणजे नीट न जळालेला कोळसा. चांगला फायरमन तो होऊ देत नाही, आणि फोटोसाठी त्याला तसं करायला सांगणं म्हणजे त्याच्या कसबाला कमीपणा आणणं आहे. चढावर त्यानं नुकताच कोळसा टाकलेला असतो तेव्हा थोडा राखाडी धूर आपसूक मिळतो, तो पुरेसा असतो.

आता एक्सपोजर. काळं इंजिन फ्रेम भरून असलं की मीटर फसतो आणि जास्त उजेड देतो. पांढरी वाफ भरून असली की उलट होतं. मी वाफेचा सर्वांत उजळ भाग सांभाळते आणि फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या मूळ रूपात) घेते. सावल्या नंतर थोड्या उचलता येतात, जळालेली वाफ परत आणता येत नाही. मात्र सावल्या फार उचलू नका. बॉयलरखालची यंत्रणा, म्हणजे चाकं, त्यांना जोडणारे दांडे (रॉड) आणि ब्रेक, उजळवायला सूर्य खाली असावा लागतो. सकाळी आणि संध्याकाळी तो उजेड बॉयलरच्या पोटाखाली शिरतो, दुपारी शिरत नाही. काळ्या रंगात बारकावे हरवतात हे जुन्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. ब्रिटनमधले कारखाने नवं इंजिन तयार झालं की अधिकृत फोटोपुरता त्याला चकाकी नसलेला करडा रंग देत, आणि निगेटिव्हवरची पार्श्वभूमी रंगानं झाकून टाकत. तेव्हाचे ते कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे, बाजूनं काढलेले फोटो मला अजूनही अभ्यासाला पुरतात. उभ्या इंजिनाचा असा शांत, तांत्रिक फोटो करून बघा. ढगाळ दिवशी ते फार चांगलं जमतं.

प्रश्न : चालत्या इंजिनाच्या चाकांसाठी शटर स्पीड किती ठेवावा? रॉड कुठल्या स्थितीत असावेत, यालाही काही नियम आहे का?

नियम नाही, संकेत आहे. इंजिन पुढून तिरकं घेतलं की त्याच्या बाजूचे रॉड सर्वांत खालच्या स्थितीत असावेत असं रेल्वेचे फोटो काढणारे मानतात. चाकांचे आरे मोकळे दिसतात आणि इंजिनाचं वजन रुळावर बसल्यासारखं वाटतं. मलाही ते पटतं.

हे साधायचा एक उपाय कानानं करायचा आहे. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा ‘छक’ करतं. दोन्ही बाजूंचे क्रँक (रॉड चाकाला जिथे जोडतात तो भाग) एकमेकांशी काटकोनात बसवलेले असतात, त्यामुळे तुमच्या बाजूचे रॉड खाली येतात तेव्हा साधारण एक ठोका पडतो. चढावर किंवा गाडी सुटताना वेग कमी असतो तेव्हा ठोके मोजा. कुठला ठोका तुमचा हे दोनतीन फेऱ्यांत कळतं, मग त्या ठोक्यावर दाबा. वेगात हे शक्य नाही, तिथे सलग शॉट घ्या.

शटरचा हिशेब साधा आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. १/५०० सेकंदात गाडी दोन सेंटिमीटर सरकते, १/५० सेकंदात वीस. कॅमेरा स्थिर ठेवून १/५०० किंवा १/१००० दिलंत की सगळं थिजतं. मग इंजिन चालतंय की उभं आहे हे नुसत्या वाफेवरून ओळखावं लागतं. जुन्या फोटोत इतकं थिजलेपण क्वचित असतं. १/१०० च्या आसपास घ्या. यात एक गंमत बघायला मिळेल. चाकाचा रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगानं जात असतो. म्हणून खालचे आरे स्पष्ट आणि वरचे पुसट येतात. पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा वळवत फोटो काढणं, करायचं तर १/३० धरा आणि केबवरच्या (ड्रायव्हरच्या खोलीवरच्या) नंबरवर नजर खिळवून कंबरेतून वळा.

काही जुन्या फोटोंत चाकं लंबगोल होऊन पुढे झुकलेली दिसतात. कॅमेऱ्यातल्या पडदा-शटरची फट प्लेटवरून हळू सरकायची, तेवढ्यात चाक पुढे जायचं, म्हणून. ते संगणकावर ओढूनताणून करू नका.

प्रश्न : रात्री इंजिनाचे फोटो काढायचे आहेत. फ्लॅश लावला तर समोर नुसतं धुकं येतं. जुने रात्रीचे फोटो इतके जिवंत कसे यायचे?

हा प्रश्न वाचून मी सुखावले, कारण याचं उत्तर देताना एका माणसाबद्दल बोलता येतं. ओ. विन्स्टन लिंक. ब्रुकलिनमध्ये जन्मलेले, जाहिरातींचे फोटो काढणारे व्यावसायिक छायाचित्रकार. १९५५ मध्ये ते व्हर्जिनियात कामासाठी गेले असताना नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या रुळांपाशी पोचले. वाफेवर चालणारी ती अमेरिकेतली शेवटची मोठी रेल्वे होती आणि तिथेही डिझेल यायला लागलं होतं. १९६० मध्ये तिथली वाफ संपेपर्यंत लिंक स्वखर्चानं पुन्हा पुन्हा जात राहिले आणि बहुतेक काम त्यांनी रात्री केलं.

रात्र का, याचं त्यांचं कारण चोख होतं. सूर्य त्यांच्या सोयीनं हलत नव्हता, रूळही हलत नव्हते. उजेड तेवढा त्यांना हलवता येणार होता. मग त्यांनी रुळांलगत, घरांच्या मागे, झाडांवर, पुलाखाली फ्लॅशबल्ब लावले आणि तारांनी जोडून सगळे एकाच क्षणी पेटवले. बल्ब एकदाच पेटतो आणि गाडी परत येत नाही, म्हणजे संधी एकच. मोठ्या फिल्मचे कॅमेरे, अंधारात केलेलं फोकस, आणि दुरून येणारी शिट्टी. त्या माणसाच्या धीराचा मला नेहमी अचंबा वाटतो.

त्यांच्या फोटोंत इंजिन बहुतेक वेळा मागे असतं. पुढे माणसं असतात, त्यांचं रोजचं काही चाललेलं असतं. १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या आयेगर गावी काढलेला फोटो बघा. मोकळ्या मैदानातला सिनेमा, गाड्यांमध्ये बसलेले प्रेक्षक, पुढच्या उघड्या मोटारीत एक जोडपं, पडद्यावर विमान आणि मागून पांढरी वाफ सोडत जाणारी मालगाडी. फ्लॅशच्या उजेडात पडदा कोरा पडला होता, म्हणून पडद्यावरचं विमान लिंकनी नंतर दुसऱ्या निगेटिव्हमधून छापलं. ते इंजिन कुणाच्या तरी आयुष्यातून जाताना दिसतं. तुम्हाला जो जिवंतपणा जाणवतो तो मला वाटतं इथून येतो.

आता तुमचं धुकं. फ्लॅश कॅमेऱ्यावर असला की समोरच्या वाफेवर आपटून उजेड थेट लेन्सकडे परत येतो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर न्या, इंजिनाच्या बाजूला, रेडिओ ट्रिगरवर (तारेशिवाय फ्लॅश पेटवणाऱ्या साधनावर). एखादा वाफेच्या मागून लावला की ती वाफ आतून उजळल्यासारखी दिसते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट लागतो, हे ध्यानात ठेवून जवळचे फ्लॅश कमी आणि लांबचे जास्त ताकदीचे ठेवा. पण एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगते. चालत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर फ्लॅश कधीही मारायचा नाही. लिंक यांचं काम रेल्वेच्या परवानगीनं आणि सहकार्यानं चाललं होतं. तुम्हीही परवानगीशिवाय फ्लॅश बाहेर काढू नका.

फ्लॅश नसतील तर शेडमध्ये उभं असलेलं इंजिन पुरे. ट्रायपॉडवर कॅमेरा लावा, तीस सेकंद शटर उघडं ठेवा आणि गडद कपडे घालून, हातात टॉर्च घेऊन इंजिनाच्या बाजूनं चाला. चाकांवर आणि रॉडवर खालून तिरपा उजेड फिरवत राहा, टॉर्चचं तोंड लेन्सकडे वळू देऊ नका. फायरमन भट्टीचं दार उघडतो तेव्हा केबमधून येणारा तांबडा उजेड वरच्या धुरावर पडतो. तो क्षण या तीस सेकंदांत सापडला तर कृष्णधवल करायचा मोह आवरा.

प्रश्न : रंगीत फोटो जुन्या वळणाचा होऊ शकतो का?

होतो की. कोडाक्रोम फिल्म १९३५ मध्ये सिनेमासाठी आणि १९३६ मध्ये स्थिर कॅमेऱ्यांसाठी आली. सुरुवातीला तिचा वेग आजच्या आयएसओ १० च्या आसपास होता. इतकी मंद फिल्म, म्हणून सूर्य पाठीशी घेऊन, भर उन्हात, बहुतेक उभ्या किंवा हळू गाडीचे फोटो. काळा रंग खोल, लाल ठसठशीत, सावल्यांत फार काही दिसत नाही. तसंच करा: सूर्य पाठीमागे, सावल्या बंद, आणि एखादी लाल वस्तू फ्रेममध्ये. फिकट पिवळट रंग देऊ नका. नीट जपलेली कोडाक्रोम इतकी टिकाऊ असते की तिचे रंग आजही ताजे दिसतात.

प्रश्न : विजेच्या तारा, फ्लुरोसंट जाकिटं, प्लास्टिकच्या बाटल्या यांचं काय करायचं?

बाटल्या उचला. तारा टाळायला खाली बसा आणि इंजिनाच्या किंवा धुराच्या आड त्या लपवा, किंवा फ्रेम वरून कापा. काँक्रीटचे स्लीपर गवताआड जातात. जाकीट काढायला कर्मचाऱ्यांना सांगू नका, ते त्यांच्या जिवासाठी आहे. नारिंगी जाकीट ऑर्थोच्या रीतीनं रूपांतर केलं की आपोआप गडद होतं, कामगाराच्या जुन्या कोटासारखं दिसतं. पिवळट-हिरवं मात्र चमकतं, तिथे पिवळा आणि हिरवा स्लायडर तेवढ्या भागापुरता उतरवा. आणि कुठलीही चौकट साधण्यासाठी रुळांवर उतरायचं नाही. मागच्या रुळावरून येणाऱ्या गाडीचा आवाज समोरच्या इंजिनाच्या आवाजात बुडून जातो.

प्रश्न : प्रिंट कशावर काढावी? सेपिया टोनिंग खरं करावं की संगणकावर?

डार्करूम असेल तर खरं करा. प्रिंट आधी ब्लीच होते, मग सल्फाइडमध्ये तिच्यातल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं. तो तपकिरी रंग त्याचा, आणि ही प्रिंट साध्या प्रिंटपेक्षा जास्त टिकते. ब्लीच उजळ भागांपासून सुरू होतं आणि काळ्या भागांना शेवटी पोचतं. मध्येच प्रिंट बाहेर काढली तर वाफ उबदार तपकिरी आणि इंजिन काळंच राहतं, वाफेच्या इंजिनासाठी याहून चांगला टोन मला माहीत नाही. सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, खोली हवेशीर हवी. संगणकावर करणाऱ्यांनीही हाच क्रम पाळावा: हायलाइटना तपकिरी झाक, सावल्या तटस्थ. सगळ्या फोटोवर एकसारखा तपकिरी थर ओतू नका. कापसाचा मॅट कागद छान लागतो, पण त्यावर काळा रंग थोडा उथळ येतो, १९५० च्या वळणासाठी किंचित चकाकीचा कागद घ्या. प्रिंटच्या मागे पेन्सिलनं जागा, इंजिनाचा नंबर आणि फोटो काढल्याची खरी तारीख लिहाच. पुढे कुणाच्या हाती ती प्रिंट गेली तर त्याची फसगत होऊ नये.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात आहे. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. यातलं मला काय जमेल?

बरंच जमेल. तू साल १९०० नंतरचं, आणि छायाचित्रकार म्हणून एखादा हौशी प्रवासी निवड. कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा १९०० मध्ये आला. साधी एकभिंगी लेन्स, शटरचा एकच वेग, आणि फोटो काढणारा तो कंबरेपाशी धरून वरून छोट्या काचेत बघायचा. त्यामुळे त्या फोटोंत इंजिन खालून, उंच दिसतं, क्षितिज जरा कललेलं असतं, कडा मऊ असतात, आणि इंजिनापुढे घरातलं कुणीतरी उभं असतं. मोबाइल कंबरेच्या उंचीवर धर. एचडीआर बंद कर, कारण तो सावल्या आणि आकाश दोन्ही एकाच वेळी दाखवतो आणि ते त्या काळी होत नसे. रॉची सोय असेल तर चालू कर. वाइड लेन्सनं इंजिनाचं तोंड फुगतं, म्हणून दुप्पट झूमची लेन्स वापर. वाफेच्या उजळ भागावर बोट ठेवून एक्सपोजर लॉक कर आणि थोडं खाली ओढ. गाडी स्टेशनात उभी असेल, तू फलाटाच्या कडेपासून लांब असशील, तेव्हा सोबतच्या कुणाला तरी इंजिनापुढे उभं कर. त्यांना हसायला सांगू नकोस. कॅमेऱ्याकडे बघा आणि मी सांगेपर्यंत हलू नका, एवढंच सांग.